हजार खोल्या, एक किल्ली

सोमवार, ३ फेब्रुवारी

चार महिन्यांत मला जे दिसलं नाही, ते तिला आठ दिवसांत कसं दिसलं?

माहीत नाही. दुपारपासून विचार करते आहे, उत्तर येत नाही. इथे लिहून टाकलं — निदान डोक्यातून वहीत तरी गेलं.

आजच्या मीटिंगमध्ये तिने आलेख दाखवला. गर्दीच्या मशीनवर एक हजार नेटवर्क नेमस्पेस बनवायला किती वेळ लागतो, त्याचा. मूळ कर्नलला, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या गाभ्याच्या प्रोग्रामला, अठ्ठेचाळीस सेकंद. माझ्या चार महिन्यांच्या कामानंतर एकेचाळीस. आणि तिच्या पॅचनंतर, तिने त्यात केलेल्या बदलानंतर — सहा. सहा! माझी रेघ आणि मूळची रेघ इतक्या चिकटून होत्या की मागच्या खुर्चीवरून एकच वाटली असेल.

थोरल्यांनी चक्क शिट्टी वाजवली. आमच्या गटाचे प्रमुख ते. सगळे त्यांना थोरलेच म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. "अगं, हे तर रॉकेट!" झालं. संध्याकाळपर्यंत सगळं ऑफिस तिला रॉकेट म्हणायला लागलं. मी नाही म्हणणार. दोन महिन्यांपूर्वी आली आहे. माझ्यासाठी ती नवीच.

आम्ही दोघी कंत्राटावर. जागा कायम होणार आहे ती एकच, आणि ते एकवीस तारखेला ठरणार. "दोघीही चांगल्या, माझीच पंचाईत," असं थोरले म्हणाले आणि हसले. अशा वेळी हसू नये माणसाने.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तिचं अभिनंदन केलं. इतकं गोड हसले की गाल अजून दुखताहेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाबांचा फोन. आवाजावरून ओळखलं त्यांनी. "काय झालं पोरी? कुणी बोललं का?"

कुणी बोललं नाही, हाच तर त्रास! मग म्हटलं, सांगावं. बाबा इस्पितळातल्या लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांना इमारतीच्या भाषेत सांगितलेलं समजतं. म्हटलं, कर्नल म्हणजे एक मोठी इमारत धरा. नेमस्पेस म्हणजे तिच्यातली एक खोली. त्या खोलीत जो प्रोग्राम राहतो त्याला वाटतं, सगळं नेटवर्क आपल्या एकट्याचं. मोठ्या सर्व्हरवर अशा खोल्या मिनिटाला हजारांनी बांधतात आणि हजारांनी पाडतात. पण सगळ्यांत मिळून किल्ली एकच. बांधणाऱ्याला तीच हवी, पाडणाऱ्यालाही तीच. पाडणारा ती खिशात घालतो आणि आतले सगळे बाहेर पडेपर्यंत दाराशी उभा राहतो. तोवर बांधणाऱ्यांची रांग लागते. मी चार महिने काय केलं, तर बांधकाम भराभर व्हावं म्हणून विटा आधीच रचून ठेवल्या —

"अगं पण," बाबा मध्येच म्हणाले, "उभंच राहायचंय तर किल्ली खुंटीला लावून उभा राहा म्हणावं त्याला! दुसरा वापरेल तोवर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"का गं? नाही का चालत तसं?"

चालतं. तेच तर केलंय तिने. माझ्या वडिलांना, सातवी पास माणसाला, फोनवर अर्ध्या मिनिटात दिसलं!

"तुझ्या नावाचा कागद लावलाय बघ मशीनच्या खोलीत," बाबा पुढे म्हणाले, "काल डॉक्टरसाहेबांना दाखवला." गेल्या वर्षी माझा पहिला पॅच कर्नलमध्ये घेतला गेला. छोटासाच: प्रत्येक खोलीतून नेटवर्कची किती पाकिटं आली-गेली ती मोजण्याचा. बाबांनी त्या पानाची प्रत काढून प्लॅस्टिकमध्ये घातली आहे. सगळ्यांना सांगतात, जगातल्या झाडून सगळ्या कॉम्प्युटरांत माझ्या पोरीचं नाव आहे. सांगणं थांबवता येत नाही. खरं सांगायचं तर थांबवावंसंही वाटत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

थोरल्यांनी तिचा पॅच माझ्याकडे तपासायला दिला. "तुझ्याइतकं बारीक कोणी बघत नाही." कौतुक होतं की शिक्षा? आमच्यात पॅचच्या खाली ओळी असतात — हिने लिहिलं, हिने तपासलं, हिला दोष सापडला. तिच्या रॉकेटच्या पोटाखाली बारीक अक्षरात मी असणार: हिने तपासलं.

किती वेळा बांध-पाड करून बघावी याचा नियम नाही. लाखभर पुष्कळ. मी मशीनला सांगितलं, दोन कोटी. शनिवार-रविवार चालू दे.

काळजीपोटी केलं असं थोरल्यांना सांगितलं. वहीला खरं सांगते: तुटावं म्हणून केलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

कपडे धुतले. खिडकीच्या काचा पुसल्या. मावशीशी तासभर बोलले. आणि पूर्ण वेळ मनात एकच — पडलं असेल का?

सोमवार, १० फेब्रुवारी

पडलं!! एक कोटी चौदा लाखांच्या पुढे कुठेतरी. कर्नल सपाट. स्क्रीनवर आकड्यांचा ढीग.

इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. लिहिताना लाज वाटते आहे, पण झाला.

ती माझ्यापासून चार हातांवर बसते. मान वळवून सांगता आलं असतं. मी लिस्टवर मेल टाकला. या कामातली सगळ्या जगातली माणसं वाचतात तिथे. सभ्य भाषेत, सगळा पुरावा जोडून, तिचं नाव पहिल्याच ओळीत.

थोरले आले. "अगं, समोर बसलीय ती. आधी हाक मारायचीस की."

"नियमाप्रमाणे लिस्टवरच टाकायचं असतं ना?" मी. साळसूद.

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ढकलत नवी आली. डोळे मोठे. आता भांडेल म्हणून मी तयार होते. तर म्हणाली, "थँक यू गं! दोन कोटी? कुणी करतं का एवढं कुणासाठी? मला जन्मात सापडलं नसतं हे."

गेला सगळा आनंद. नीट भांडतासुद्धा येत नाही हिला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

राखणदाराचं उत्तर आलं. कर्नलचा नेटवर्कचा भाग तो सांभाळतो. त्याच्या होकाराशिवाय आत काही जात नाही. आम्ही कोणी त्याला पाहिलेलं नाही. एक ओळ लिहितो, कधी दीड. आज एकच: "पडणारी गोष्ट घेता येत नाही; कारण सापडलं की या."

थोरले म्हणाले, "सध्या तरी तुझे सात सेकंदच पुढे पाठवू. हळू आहेत, पण उभे आहेत."

आईला सांगितलं. तिला बाकी काही कळलं नाही, "पुढे" तेवढं कळलं. "मग कायमचं झालंच म्हणायचं! मी कामावर, लाँड्रीत, सांगू का सगळ्यांना?" नको म्हटलं. म्हणजे सांगणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नवीला कारण सापडत नाहीये. आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "मला माहीत नाही का पडतं ते." असं सरळ! जसं काही घड्याळात किती वाजले ते माहीत नाही.

तिचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो याचा. सहा सेकंदांचा नाही. तिची आई कॉलेजात शिकवते, वडीलही. ती "माहीत नाही" म्हणाली की लोक म्हणतात, किती मोकळी मुलगी आहे. मी म्हणाले तर म्हणतील, कुठून येणार माहीत. कोणी म्हणालेलं नाही अजून, हे खरं. मी संधीच दिलेली नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर आम्ही दोघी-दोघी बसायचो. जिच्या हातात कीबोर्ड जायचा तिला सगळं येतंय असंच दाखवावं लागायचं, नाहीतर दुसरी ओढून घ्यायची. ती सवय बोटांत मुरली आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सुट्टी असून ऑफिस. काल निघताना तिने विचारलं होतं, "उद्या येशील? शेजारी नुसती बसलीस तरी चालेल." नाही कसं म्हणणार?

डबा आणायचा विसरले होते. तिने तिच्यातलं उकडलेलं अंडं मधोमध कापून दिलं. मोठा अर्धा मला.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. आई म्हणते, छान, चुकांतूनच शिकशील." अंडं चावत म्हणाली, "वैताग येतो. एकदा तरी ओरडावं ना माणसाने!"

हिच्या घरी ओरडत नाहीत, म्हणून ही रडते! मी मीठ मागितलं.

शोधायची रीत मी सुचवली. खोली आठ भागांनी बनते. आठ मशीन घ्यायची, प्रत्येकातून एकेक भाग काढून टाकायचा, आणि सोमवारपर्यंत चालू ठेवायची. ज्या मशीनवर पडणार नाही, तिथून काढलेला भाग गुन्हेगार. तिने कागदावर तक्ता केला. सहाव्यापाशी थांबली आणि हसली. "सहावं तुझ्या मोजणीचं. ते कशाला? ते तर इतकं साधं आहे."

"असू दे," मी म्हटलं. "तक्ता पूर्ण हवा."

मीच म्हटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

साडेआठला पोचले. ऑफिसात कोणी नव्हतं, फक्त पंख्यांचा आवाज. सात मशीन पडलेली. सहावं चालू. दोन कोटी चाळीस लाख, आणि आकडा माझ्यासमोर पुढे सरकत होता.

उभ्याउभ्या माझ्या जुन्या ओळी उघडल्या. दहा मिनिटं लागली. दहाच!

मी प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक पाटी लावली होती. जाणारं-येणारं प्रत्येक पाकीट तिच्यावर एक रेघ मारतं. खोली पाडताना ही पाटी सगळ्यात शेवटी काढायची, सगळे बाहेर पडल्यावर. मी आधीच काढते आणि गोदामात परत टाकते. इतके दिवस कळलं नाही, कारण पाडणाऱ्याच्या खिशात किल्ली असायची. तोवर नवी खोली बांधलीच जात नव्हती, पाटी कुणाच्या हाती लागत नव्हती. मागे राहिलेले दोघे-तिघे टाकून दिलेल्या पाटीवर रेघा मारून निघून जायचे. आता किल्ली खुंटीवर आहे. त्याच क्षणी शेजारी नवी खोली उभी राहते, तिला तीच पाटी मिळते, आणि जुन्या खोलीतला कोणी येऊन तिच्यावर रेघ मारतो. कोटीत एकदा. आणि इमारत कोसळते.

तिच्या पॅचमध्ये काही चुकलेलं नाही. कधीच नव्हतं.

पुढचं कसं लिहू.

जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला. मी सहाव्या मशीनपाशी गेले आणि ते बंद केलं. हाताने. बटण दाबून.

ती धापा टाकत आली. "काय झालं? कुठलं राहिलं उभं?"

"आठही पडली," मी म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तिने तक्त्यावर आठ फुल्या मारल्या आणि तो भिंतीला लावला. आता तिला वाटतं आहे की दोष कुठल्याच एका भागात नाही, किल्ली सोडण्याच्या कल्पनेतच आहे. सकाळपासून स्वतःच्याच ओळी पुन्हापुन्हा वाचते आहे. नखं खाते आहे.

मी मनाशी वकिली करते आहे. लॉक, म्हणजे ती किल्ली, धरलेलं होतं तोवर माझं बरोबरच चालत होतं ना? तिने ते सोडलं म्हणून पडलं ना? मग — नाही. पाटी आधी काढली ती मी काढली.

आणि खोटं बोलले तेही मीच. ते कुठल्या लॉकमुळे झालं?

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुरुस्ती एका ओळीची आहे. एक ओळ उचलायची आणि खाली नेऊन ठेवायची. आज दुपारी केली. चालते आहे.

पण आमच्याकडे रीत आहे. दुरुस्ती पाठवली की खाली एक ओळ लिहायची: ही अमुक बदलातली चूक होती. त्या बदलाचा नंबर आणि तो करणाऱ्याचं नाव. एकदा आत गेली की ती ओळ खोडता येत नाही, दहा वर्षांनीही कुणालाही दिसते. ती ओळ वाचूनच जुनी कर्नल सांभाळणारे लोक दुरुस्ती आपापल्याकडे उचलतात. ती नसेल तर त्यांना कळत नाही की आपल्या इमारतीतही तीच पाटी लटकते आहे.

तर असंही करता येईल: ओळ न लिहिता दुरुस्ती पाठवायची. शीर्षक द्यायचं "मोजणीच्या भागात थोडी आवराआवर". राखणदार असल्या गोष्टी बघता बघता घेतो. नवीचा पॅच आपोआप उभा राहील. ती म्हणेल, अरेच्चा! जागा एकवीसला मला. तिचं रॉकेट महिनाभराने उडेल. कुणाचंच फार नुकसान नाही.

मेल लिहून ठेवला आहे. आवराआवरीचा. पाठवलेला नाही.

संध्याकाळी आई. "लाँड्रीतल्या बायका विचारतात, पोरीचं झालं का कायम? मी म्हटलं, शुक्रवारी. सगळ्यांच्या तोंडावर म्हटलं हं मी! चादरी घडी करता करता मला म्हणतात, तुझी पोरगी काय करते ते एकदा नीट सांग तरी. मी म्हटलं, मला सांगता येत नाही, पण जे करते ते चोख करते."

चोख.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मीटिंग. थोरले, आम्ही दोघी आणि मोठ्या साहेबांकडची एक बाई, वही घेऊन बसलेली.

नवी उभी राहिली. आवाज कापत होता पण वाक्य पूर्ण केलं. "मला कारण माहीत नाही. शोधलं, सापडलं नाही. मी पॅच मागे घेते. हिचा पुढे जाऊ दे."

बाईने वहीत काहीतरी टिपलं. थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रामाणिकपणे सांगितलंस, बरं केलंस." मग माझ्याकडे वळले. "तुला काही म्हणायचंय? तू होतीस ना तिच्याबरोबर त्या आठ मशीनच्या वेळी?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

टेबलाला एक बारीक चीर आहे. पूर्ण वेळ ती बघत बसले. "माहीत नाही" म्हणणारीला काहीच माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं. आणि आज तिच्यासारखं उभं राहून बोलता यावं म्हणून मी काहीही दिलं असतं.

बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. "तुला मिळाली तर मला खरंच आनंद होईल हं. तूच एकटी बसलीस माझ्याजवळ."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सव्वानऊला लिस्टवर पाठवलं. आवराआवर खोडून शीर्षकात दोष लिहिला. खाली माझ्या पहिल्या बदलाचा नंबर आणि माझं नाव. तिचा पॅच जसाच्या तसा घ्या असं राखणदाराला लिहिलं. आणि शेवटी एक ओळ, जी रीतीत बसत नाही आणि जी मी लिहिली नसती तर कुणाला कधी कळलीही नसती: "सोमवारी सहावं मशीन पडलं नव्हतं. ते मी बंद केलं आणि पडलं असं सांगितलं."

या वेळी लिस्टच्या आधी चार हात चालत गेले आणि तिला वाचायला दिलं. तिने वाचलं. थँक यू म्हणाली नाही.

मग पाठवलं.